गार चहा

पोरगी पुण्यातून फोनवर सांगते :
आई, आइस टी कर बाबांना.
मी म्हटलं, आईस टी, मग बाबास काय?
शिवांजली हसली नाही.
आमच्यात हल्ली आधी कुणी हसायचं ते ठरत नाही.

तोंडाचं ऑपरेशन झाल्यापासून
ह्यांना गरम चालत नाही.
तेहतीस वर्षं उद्यमनगरात
पाण्यासारखं लोखंड साच्यात ओतलेला माणूस,
चहा वाफाळता नसला तर
'हे काय धुण्याचं पाणी?' म्हणून कप मागं सारणारा,
आता कोमट पाण्यालाही डोळे मिटून घेतो.

तर मी शिकतो.
शिकते म्हण आई, इथं हसतात, म्हणते पोरगी.
हसू देत.
कोल्हापुरात बायका शिकतो म्हणतात
आणि शिकतातसुद्धा.

पूड उकळायची नाही, हे पहिलं.
हात ऐकत नाही.
पाणी उतरवायचं, पूड टाकायची, झाकायचं,
आणि चार मिनिटं काहीच करायचं नाही.
काहीच न करणं मला कधी कुणी शिकवलं नव्हतं.
मी ओटा पुसला. परत पुसला.

पहिल्या दिवशी गूळ घातला, आपला,
मार्केट यार्डातला, पिवळा धमक.
चहा गढूळला जुलैतल्या पंचगंगेगत.
दुसऱ्या दिवशी लिंबू.
एक घोट घेतला ह्यांनी.
बोलले नाहीत, बोलता येत नाही नीट,
पण मांडीवरची मूठ आवळलेली मी बघितली.
ग्लास मोरीत ओतला, नळ मोठा सोडून.

कपिलतीर्थात गगनबावड्याकडची एक बाई
पानाच्या द्रोणात करवंदं घेऊन बसते.
घेतली. तीही आंबट.
जिन्यात उभं राहून एकटीनंच संपवली.
चिकानं ओठाला ओठ चिकटला,
बरं वाटलं,
तेवढा वेळ कुणाला काही सांगायला लागलं नाही.

आंब्याचा रस घातला तर खीर झाली.
कलिंगड घातलं तर चहाचा पत्ताच नाही.

मग नसीमभाभींच्या भिंतीवरून
आमच्या अंगाला वाकलेली तुती.
एवढी वर्षं मी तिला शिव्या घालत होतो,
फरशी खराब करते, धुण्यावर डाग पाडते.
भाभी म्हणाल्या, काळीच घे, पिकलेली,
लाल घेऊ नको, लाल चावते.
ओंजळभर कुस्करली,
जुन्या मलमलीच्या फडक्यातून गाळली.
चहा त्याचा त्याला निवू दिला.
घाईनं फ्रीजमध्ये कोंबला की तो रुसतो,
धुरकट होतो,
हे दोन तांबे वाया घालवून कळलेलं.
बर्फाचे खडे दोनच.
ग्लास खिडकीशी धरला :
भट्टीतून ओतलेलं बीड विझत विझत
काळं पडायच्या आधी जसं लाल दिसतं,
तसा रंग.
ह्यांनीच दाखवला होता मला, लग्नाच्या वर्षी,
कारखान्याच्या दारात उभं करून,
'लांबनं बघ' म्हणून.

दुपारचे चार.
कुठला तरी भोंगा झाला.
ह्यांनी ग्लास घेतला
आणि हातानं खूण करून बशी मागितली.
दिली.
गार चहा बशीत ओतला,
बशी तोंडाजवळ नेली,
फुंकर मारली.

मी काही म्हटलं नाही.
ओठ नीट मिटत नाहीत, फुंकर वाकडी जाते,
तरी बशीत बारीक लाट उठली
आणि काठापर्यंत जाऊन परत आली.
दुसरी बशी. तीही फुंकून.
तिसऱ्या बशीला माझ्याकडं बघितलं,
एक भिवई वर केली.

म्हणजे साखर कमी.