दर्शनी लांबी

टेप माझ्याच दुकानातली, पाच मीटरची, पिवळी.
खजिनदार केलं तेव्हा कुणी विचारलं नाही
हिशेब येतो का. म्हणाले,
हार्डवेअरवाला आहे, मोजायला बरा.

ठरलंय ते असं: म्हापशाच्या या दोन गल्ल्या आणि मधला चौक
एक क्षेत्र धरायचं.
दिवे, बाकं, गटारांवर झाकणं, रात्रीचा एक राखणदार,
आणि त्यासाठी ज्याच्या त्याच्या दुकानाच्या तोंडाप्रमाणे
मीटरला वर्षाकाठी नऊशे.
पालिका म्हणते, आधी तुमचे निम्मे दाखवा,
मग आमचे निम्मे बघू.
‘बघू’ हा शब्द इतिवृत्तात मीच लिहिला. खोडला नाही.

पणजीहून आलेल्या सल्लागाराने भिंतीवर चित्र दाखवलं:
आमचीच गल्ली, पण धुतलेली,
कुंड्यांतून झाडं, झाडांखालून
चालणारी सहा माणसं, सगळी उंच,
एकाच्याही हातात पिशवी नाही.
उल्हास मांद्रेकर हळूच म्हणाला,
ही गिऱ्हाइकं कुठली रे? ह्यांना विकायचं काय?

सोमवारपासून मोजतोय.
वीस वर्षं ज्याच्या बादल्या आणि खराटे
फुटपाथवर दीड हात पुढे बसायचे
तो दुर्गादास परवा अंग चोरून उभा:
भिंत धरू नको, भिंत शेजाऱ्याचीही आहे.
आवेलीनाबाईची बेकरी कोपऱ्यावर, दोन तोंडांची.
मागच्या तोंडाने फक्त पोदेर पाव नेतात,
ते कशाला मोजतोस?
चष्मेवाल्याने शटर अर्धंच वर केलं,
म्हणाला, हल्ली मी एवढाच उघडतो.

माझं स्वतःचं: तीन मीटर चाळीस.
शटरचा रूळ धरला तर तीन बावीस.
तीन चाळीस लिहिलं.
आदल्या रात्री तीन बावीस लिहिलं होतं.

आज शुक्रवार. टेप घेऊन निघालो ते चुकलंच.
आजच्या दिवशी गल्लीला भिंती नसतात,
मिरच्या असतात, केळ्यांचे घड, मातीची मडकी,
चोरिसांच्या माळा, आणि पाय ठेवायला
कुणीतरी उचललेल्या पायाची जागा.
चष्मेवाला आणि बेकरी यांच्या मधल्या पायरीवर
सेवेरिना बसते, अस्नोड्याची,
सुकी सुंगटं आणि सोलं घेऊन.
सकाळचा सोपो भरून झालेला.
मी टेप गुंडाळत होतो तर म्हणाली,
“म्हजें कितलें?”

म्हटलं, तुला नाही, दुकानांना आहे.
तिने पाटीसमोरची फरशी हाताने झाडली.
“मेज.”

बासष्ट सेंटीमीटर.
उकिडवं बसून भागाकार केला,
आठवड्यातला एकच दिवस धरून:
एकोणऐंशी रुपये एकाहत्तर पैसे.
तिने ऐंशी दिले. “सुटे नाकात. पावती दी.”

पावती म्हणजे काय ते तिला ठाऊक आहे.
सोपोच्या चिठ्ठ्यांचं पुडकं तिच्या कनवटीला, रबर लावलेलं.
कुणी ऊठ म्हटलं तर ती उठत नाही,
रबर काढते.

छापील पावतीवर रकाना: दुकानाचं नाव.
पेन थांबलं.
चित्रातल्या त्या सहा माणसांच्या वाटेत
ही पायरी कुठे येत होती, मला आठवेना.
बहुतेक तिथे कुंडी होती.
नियमात लिहिलंय, वर्गणी देईल त्याला मत.
तेही माझ्याच अक्षरात.

‘पायरी’, मी लिहिलं. दर्शनी लांबी शून्य पूर्णांक बासष्ट.
पावती क्रमांक सत्तेचाळीस.
टेपचं बटण दाबलं; ती झर्रकन आत गेली
आणि तिचं पत्र्याचं नाक नेहमीसारखं अंगठ्याला लागलं.

सभा आज रात्री आठला, फार्मसीच्या माडीवर.
अस्नोड्याची शेवटची बस पावणेआठला सुटते.
दुपारपासून फोन लावतोय,
सभा सहाला घेऊ म्हणून. बारा जणांना लागला.
का, असं दोघांनी विचारलं.
म्हटलं, यंदा बेरीज थोडी लांबली आहे.