वाक्यात उपयोग करा

घणसोलीत, सेक्टर सातला,
पिठाच्या गिरणीच्या डोक्यावर आमचा क्लास.
खाली ज्वारी पडली की वर फळा थरथरतो
आणि सुगंधी मिसची इंग्रजी अक्षरं
कडेकडेने भरडली जातात.

आज शब्द आला: रिॲक्ट.
वही उघडण्याआधीच मी हात वर केला.
बावन्नाव्या वर्षी पहिल्यांदा
एक शब्द असा, की मला आधीपासून येतो.
एकवीस वर्षं रबाळ्याला रिॲक्टरवर होतो, मिस.
पाच हजार लिटरचा, आतून काचेचं अस्तर.
हा त्याच्यासोबत रिॲक्ट होतो, तो आणखी कुणासोबत,
आपण बाहेर उभं राहायचं
आणि काटा बघायचा.

मिस म्हणाल्या, छान, पण ते 'विथ'.
माणसांना 'टू' लागतो.
बातमीला, वासाला, नोटिशीला.
आणि हे क्रियापद अकर्मक बरं का,
याला कर्म नसतं.
मागून जयवंता केणी म्हणाली,
मग आम्हाला कशाला शिकवताय?

मराठीत, प्रतिक्रिया देणे.
लिहून घेतलं.
पण प्रतिक्रिया पुढारी देतात, गाडीत बसता बसता.
आमच्या आळीत कुणी दिलेली मी ऐकली नाही.
आमच्यात कुणी हबकतं, कुणी तडकतं,
कुणाच्या तोंडचं पाणी पळतं,
होडी विकली तेव्हा माझा भाऊ
तीन दिवस नुसतं जाळं उसवत बसला,
चांगलं जाळं.
या सगळ्याला तुम्ही एकच शब्द लावता?
हो, मिस म्हणाल्या. सोयीचं नाही का?

सोयीचं आहे.
मागल्या महिन्यात महाप्याला मुलाखत होती.
माझ्या पोराच्या वयाचा साहेब,
त्याला मी ती रात्र सांगत होतो:
तिसरी पाळी, डोसिंग चालू,
काटा ऐंशीवर हवा, तर ब्याण्णव,
तर एकशे चार,
भांडं आतून गुरगुरायला लागलेलं.
त्याने विचारलं, हाऊ डिड यू रिॲक्ट?
मी म्हणालो,
आय नो रिॲक्ट, सर. रिॲक्टर रिॲक्ट.
आय डोसिंग बंद. ब्राइन फुल्ल.
तो हसला नाही. चांगल्या घरचा होता.
कागदावर काहीतरी टिपलं.

वाक्य चुकलं होतं, हे आता कळतं.
'डिड नॉट' पाहिजे होतं.
पण खोटं नव्हतं, मिस.
आत जे चाललंय ते माझ्यात शिरू नये,
त्याचाच तर पगार होता.

गेटवर नोटीस लागली त्या सकाळी
कुणी शिवीसुद्धा दिली नाही.
तुळशीदास भोईरने वॉचमनला विचारलं,
आजचं कॅन्टीनचं कूपन चालेल का?
मी चालत घरी आलो.
बायको मोरीत निवट्या साफ करत होती.
सांगितलं तिला.
तिने राखेत हात घोळवला,
निसटलेली एक परत धरली,
म्हणाली, बरा. जेवाला ये.

आता हे बसवतोय:
माय वाइफ रिॲक्टेड टू द न्यूज.
टू आलाय, भूतकाळ आलाय.
मिस वाकून बघतात,
बरोबर, पण कशी? पुढे एक शब्द घाला.
फळ्यावर यादी आहे, शांतपणे, रागाने,
वाईट रीतीने, मुळीच नाही.
मी यादी खालून वर वाचली,
परत वरून खाली.

मग वहीत जागा सोडली,
एक निवटी मावेल एवढी.
खाली गिरणी थांबली होती,
आणि कुणाला तरी हाक मारत होते,
दळण झालं, घेऊन जा.