ढील

कमाटी बागेत, बँडस्टँडच्या मागे,
फाइन आर्ट्सच्या हेत्वी पांचालने
एक लोखंडी कडं टांगलं होतं.
कड्यात मनगटाएवढी लेखणी, कड्याला आठ दोऱ्या,
खाली सतरंजीएवढा कागद.
"एकट्यानं ओढली तर आडवी पडते," ती म्हणाली.
"आठ जण जोईए. पैसे नाही. फक्त चपला काढा."

मी पाणीपुरवठ्यात चौतीस वर्षं नकाशे काढले.
टी-स्क्वेअर, टोकदार पेन्सिल,
आणि खोलीत दुसरं कुणी नको.
रेघ ही एकट्याची गोष्ट, असं मी
हाताखालच्या पोरांना दरडावत आलो.
आणि दोरी म्हणाल तर
दोरी म्हणजे उत्तरायण:
दांडिया बाजारची गच्ची, काच पाजलेला मांजा,
शेजाऱ्याची कापायची आणि थाळी बडवायची.
तर्जनीवरचा हा व्रण सत्त्याहत्तर सालचा.

पण चपला निघाल्या होत्या. कशा, ठाऊक नाही.

एक दोरी शिंगवाल्या रमणभाईची,
एक चौकीदार जहीरभाईंची, टोपी काखेत,
कॉलेजच्या दोघी, एक नवं जोडपं,
आणि समोर, माझ्या अगदी समोर,
टिपणीस.
टाकीच्या गळतीवरून अकरा वर्षं
आम्ही जिन्यात एकमेकांना भिंत समजतो.

"गोळ काढा, साधा गोळ."
आठही जणांनी ओढलं.
लेखणी थरथरली आणि जागच्या जागी उभी राहिली,
सगळ्यांनी ओढलेली,
म्हणून कुणाचीच नसलेली.
जहीरभाई घामाघूम. नवी नवरी नवऱ्याला म्हणाली,
"तुम्ही ना, घरीसुद्धा असंच करता."

कुंपणावर बसलेला एक सात वर्षांचा नीरव
(नाव नीरव, आवाज भोंग्याचा)
ओरडला, "काका, ढील मूको ने!"

ढील. हा शब्द मला येत होता.
पतंगात ढील देतात ती कापण्यासाठीच,
सैल सोडून, लांब नेऊन, मग एकदम.
इथे मी वीतभर सोडली
आणि ती वीत माझ्या डोळ्यांदेखत
टिपणीसांच्या हातात गेली.
लेखणी तिकडे सरकली. काळी, ओली रेघ.
त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.
बराच वेळ पाहिलं.
मग त्यांच्या मुठीतली दोरी
शिंगवाल्यासाठी थोडी सैल झाली,
शिंगवाल्याची त्या दोघींसाठी,
आणि लेखणी वळली.
वळली! मी आयुष्यात इतकी वाकडी रेघ
इतक्या काळजीने काढलेली नाही.

गोळ काही झाला नाही.
वरून उतरलं, पोट सुटलं, आत वळून गाठ पडली.
नीरव खिदळला, "ढ!"
आणि खरंच ढ होता.
आमच्या शाळेत शेवटच्या बाकावर बसायचा तो.
गुरुजी म्हणत, हजारो वर्षांत सगळी अक्षरं बदलली,
हा तेवढा तसाच राहिला.
डोक्यावर रेघ नव्हती,
त्यामुळे गुजराती की मराठी हे ठरेना,
आणि त्यावर वाद घालायला
कुणाचा हात मोकळा नव्हता.

खाली सही कुणाची, हेत्वीने विचारलं.
आम्ही आठ जण चपला शोधायला लागलो.
टिपणिसांनी माझी डावी चप्पल पायाने
माझ्याकडे सरकवली. बोलले नाहीत.

आज पुन्हा आलोय. साडेपाच.
नवा कागद. जहीरभाई आहेत, रमणभाई आहेत,
कुठलीशी नर्स आहे गणवेशातली, तिची ड्यूटी सातला.
मोजले, सात.
हेत्वी म्हणते, त्या दोरीला वीट बांधू का, काका?
नको, मी म्हणतो. वीट ढील देत नाही.
आणि फाटकाकडे बघत राहतो,
दोरी मुठीत,
फार घट्ट नाही.