सात दाबून दोनशे चौदा

शिरोलीच्या फौंड्रीत दोनशे चौदा म्हणजे वजनकाटा.
शाहूपुरीच्या ऑफिसात दोनशे चौदा म्हणजे कोण,
ते कुणालाच धड सांगता येईना.
यादीत एक नाव होतं, नावावर शाई,
शाईवर दुसरं नाव, त्यावर चिकटपट्टी.

मालक म्हणाले, दोन्हीकडचे फोन एक करा.
आख्खा नंबर दाबायचा, रिसेप्शनच्या बाई उचलणार,
धरा म्हणणार, आणि धरलेला माणूस
काट्यावरचा ट्रक तसाच सोडून उभा.
मी म्हटलं, होतंय की, चार आकड्यांत आणतो.
म्हणायला काय जातंय.

पंचगंगेच्या अलीकडं एक पेटी, पलीकडं एक.
दोघी आपापल्या घरात शहाण्या,
दोघींनी मोजायला सुरुवात केलेली दोनशेपासनं.
भावकीत दोन घरी एकच नाव ठेवावं
आणि हाक मारली की दोन्ही पोरांनी ओ द्यावी, तसं.

म्हणून पुढं एक आकडा लावायचा, घर सांगायला.
एक नको, एकनं शंभर सुरू होतो, पोलीस येतील.
शून्य बाहेरच्या जगाचा.
नऊ रिसेप्शनच्या बाईंचा, मागितला तर रुसतील.
सात मोकळा होता.
इकडनं सात म्हणजे तिकडं,
तिकडनंही सात म्हणजे तिकडंच.
पुलावर सात काढून घ्यायचा,
नाक्यावर पावती फाडून घेतात तसा,
पुढं जातं नुसतं दोनशे चौदा.

पहिल्या दिवशी चूक माझीच.
शिरोलीला सांगितलं, नंबर सापडला नाही तर शाहूपुरीला विचार.
शाहूपुरीला सांगितलं, सापडला नाही तर शिरोलीला विचार.
तौफिक शिकलगारनं गंमत म्हणून
कुणाचाच नसलेला तीनशे नव्व्याण्णव दाबला.
हाक पुलावरनं गेली, आली, गेली, आली,
दर फेरीला एक लाइन अडवत,
आणि चहा निवायच्या आत सगळे दिवे लाल.
कोण बोलत नव्हतं. सगळं बिझी.
तौफिक म्हणाला, मिस्त्री, हे आमच्या सिटी सर्व्हेच्या अर्जागत झालं.
मी प्लग उपटला.
रात्री एकच ओळ वाढवली:
सापडला नाही तर सरळ नाही म्हण.

दुसऱ्या दिवशी काट्यावर बाहुबली मगदूम,
मिशीवर काळी वाळू, कानाला रिसीव्हर.
मी शाहूपुरीच्या जिन्यात, मोबाइलवर: लावा.
सात. दोन. एक. चार.

वाजलं.
कुठंतरी वाजलं, पण टेबलांवर नाही.
जुन्या चलनांच्या गठ्ठ्यांमागं,
पोत्यात कोंबलेल्या कोंबड्यागत आरडत होतं काहीतरी.
कॅशियर संध्या हुपरीकर वायर धरून
गठ्ठे सारत सारत आत गेल्या,
पदराला कोळिष्टक, हातात काळा रिसीव्हर.
कोण?

पलीकडं मगदूम गप्प.
ट्रकचा रिव्हर्स ऐकू आला, भट्टीची घरघर.
अकरा वर्षं धरा म्हणून धरलेला माणूस,
आता कुणी धरा म्हणेना, तर बोलायचं काय?
शेवटी म्हणाला,
तिकडं जेवणं झाली का?
आत्ताच बसत होतो. तुम्ही कोण?
काटा.

काटा म्हणजे… म. बा.? चलनावरची सही?
अहो, तुमचा सात नेहमी एकासारखा दिसतो,
मला दरवेळी बेरीज दोनदा करावी लागते.
मगदूम म्हणाला, घाईत असतोय ओ.
मग दोघं बराच वेळ एका सातावर बोलत राहिले.
मला टेस्ट संपवायची होती. मी जिन्यातच बसलो.

बिलात लिहिलं: डायल प्लॅन, दोन ठिकाणी, मजुरीसह.
चिकटपट्टीवर आता कुणाचं नाव घालायचं
ते मालक अजून ठरवतायत.
फोन गठ्ठ्यांमागंच आहे.
टेबलावर आणून देतो म्हटलं,
तर बाई म्हणाल्या, राहू दे तिथंच,
उठून जायला बरं पडतं.