मागची सीट

पस्तीस वर्षं मी उदयनच्या मागे बसतो आहे.
गाड्या बदलल्या. येझदी, मग राजदूत,
मग निवृत्तीच्या पैशांतून घेतलेली ही बुलेट.
सीट बदलली नाही.
मला चालवता येत नाही.
एकदा त्यानं शिकवलं होतं पोलो ग्राउंडवर,
मी सरळ एका भेळवाल्यात शिरलो.
तो विषय तिथंच मिटला.

उत्तरायण होऊन चार दिवस झालेत.
दांडिया बाजारात तारांवर अजून पतंगांची कातडी लोंबताहेत,
प्रत्येकानं हँडलला सळईची कमान लावलीये
मांज्यानं गळा चिरू नये म्हणून.
उदयननं वर मफलरही गुंडाळलाय, बायकोचा, जांभळा.
इम्तियाज म्हणाला, चला नवरदेव.

तीन गाड्या, पाच माणसं,
पाचांत मिळून सात गुडघे धड.
जंबुसरपर्यंत दोनदा चहा, तीनदा शेताचा बांध.
पुढे वेचून झालेला कापूस, तुरी,
मग नुसत्या वेड्या बाभळी
आणि वाऱ्याला खारट वास, आला आला म्हणेपर्यंत गेलेला.

कांबोईला पोचलो तर समुद्र नव्हता.

पायऱ्या होत्या. कठडा होता. शहाळी होती,
समुद्रासोबत फोटो काढून देणारा पोरगा होता.
समोर क्षितिजापर्यंत करडा चिखल,
कुणी ओल्या हातानं लिंपून ठेवल्यासारखा.
“पाणी गयुं छे,” चहावाला म्हणाला,
घरातलं माणूस बाजारात गेल्याचं सांगावं तसं.
“साडाचारे आवशे.”

पत्र्याखाली रूखीबेनची खानावळ.
मासळीही पाण्याबरोबरच येणार होती.
चिटणीस घरून माशांवर पिळायला सहा लिंबं घेऊन आलेला,
रत्नागिरीच्या मामेभावाला फोटो पाठवायचं वचन देऊन.
ती आम्ही ताकात पिळली.
बाजरीचा रोटला, वांग्याचं भरीत, लसणाची चटणी,
कांदा बुक्कीनं फोडलेला.
इतकं जेवलो की कुणी समुद्राचं नाव काढेना.

उदयननं मफलर सोडला.
मान पांढरी झालीये त्याची. माझ्या ओळखीचा तीळ
आता त्या पांढऱ्यात एकटाच.
बिल आलं तेव्हा त्यानं कागद लांब धरला,
मग जवळ, मग माझ्याकडे सरकवला. तू बघ रे.
मला वाटलं, पैसे चुकवतोय लेकाचा.

पाणी आलं ते लाटांनी नाही.
आधी चिखलावर चकाकी,
मग खेकडे एकदम बिळांत,
मग कुशीवर पडलेल्या होड्या
एकेक करून उठून बसल्या.
आम्ही पाचही जण काही बोललो नाही.
चिटणीसनं फोटो काढायचाच राहिला.

त्यात उशीर झाला.
जंबुसर सुटलं तेव्हा अंधार,
पुढून येणारे दिवे, मागे काहीच नाही.
इम्तियाजचा लाल दिवा पुढे पुढे बारीक होत गेला.
बुलेटचा आवाज जड झाला, अजून जड,
आणि उदयन मागे न बघता म्हणाला,
“बोलत राहा.”
काय बोलू?
“समोरचं.”

सबंध एक मैल मला कळलं नाही.
मग तो कागद आठवला.

खड्डा, डावीकडे.
म्हैस. नाही, दोन.
कापसाची ट्रॉली, दिवा नसलेली, सावकाश.
वळण आहे, लांब आहे अजून. थांब. आता.
मी म्हणेन तिथं हँडल वळत होतं.
हात घामेजले माझे, कशावरच नसलेले.

त्याच्या घरी माहीत आहे का, विचारलं नाही.
पुढच्या महिन्यात ऑपरेशन, एवढंच तो म्हणाला,
तेही पादरा ओलांडल्यावर.

अटलादऱ्याला रस्त्याचे दिवे लागले.
आता त्याला दिसत असणार.
तरी मी सांगत राहिलो.
सिग्नल लाल. रिक्षा. पानवाला शटर ओढतोय.
वर तारेवर एक पतंग आहे, फाटका,
त्याचा आपल्याशी संबंध नाही.
“तेही सांग,” तो म्हणाला.