कार्पेट एरिया

टॅली उघडलं की कॉम्प्युटर दम खातो.
त्यावर एक्सेल उघडायचं म्हणजे
मी उठून भाजी फोडणीला टाकून येते,
परत येते तरी ते चक्र फिरतंच असतं.
मार्च महिना. तीन दुकानांची खाती.
त्यातलं एक हार्डवेअरवाल्याचं, खिळ्यागणिक नोंद.

लॅमिंग्टन रोडवर गाला म्हणाला,
ताई, मशीन चांगला हाय, ओटा छोटा पडते तुमचा.
हार्ड डिस्क म्हणजे फडताळ,
प्रोसेसर म्हणजे तुम्ही,
आणि रॅम म्हणजे ओटा.
दोन भाज्या एकदम चिरायच्या तर
ताट ठेवणार कुठे?
आणि बटण बंद केला की सगळा साफ,
रात्री ओटा पुसून टाकता ना, तसा.

एवढं नीट मला बिल्डरनेही समजावलं नव्हतं.
भांडुपच्या आमच्या दोन खोल्यांत
ओटा साडेचार फूट, तो काही वाढायचा नाही.
हा वाढत होता बाराशे रुपयांत.
मी घासाघीस केली नाही, फक्त
पिशवी नको म्हटलं, पर्समध्ये ठेवली पट्टी,
चष्म्याच्या घरात, हातरुमालात गुंडाळून.

गालाने बजावलं होतं,
आधी खिडकीच्या ग्रिलला हात लावा,
अंगातला करंट उतरते.
मी ग्रिल धरून उभी राहिले.
खाली एलबीएस रोड, मेट्रोचे खांब,
समोरच्या गॅलरीतल्या बाई बघत होत्या,
त्यांना वाटलं असेल, हिचं काहीतरी बिनसलंय.

ह्यांनी टॉर्च धरला.
अकरा वर्षांची धूळ, फेल्टसारखी जमलेली.
उदबत्तीची राख, टाल्कम पावडर, खांबांचं सिमेंट,
पंख्याच्या जाळीत एक लांब केस,
आणि केसाशेजारी
एक हिरवी टिकली.

मी हिरवी कधी लावली नाही.

कुंदावन्सं. परळला टाटात ट्रीटमेंट होती
तेव्हा चार महिने होत्या आमच्याकडे.
रात्री झोप यायची नाही,
तर इथेच बसून पत्ते लावायच्या,
आवाज बंद करून, आम्ही उठू नये म्हणून.
केस गेल्यावरही टिकली मात्र रोज.

टॉर्च जरा हलला.
'पुढे कर,' हे म्हणाले, 'सेल उतरतील.'

दोन्ही बाजूंनी टक् झालं.
बटण दाबलं, तर तीनदा शिट्टी आणि काळा पडदा.
गालाला फोन.
घरात खोडरबर हाय? सोनेरी दातांवर घासा, हलक्या हाताने.
आठवण चालू व्हावी म्हणून खोडरबर!
नातवाच्या कंपासात सापडला, आंब्याच्या वासाचा.
जुनी पट्टी घासली, नवी घासली,
चुरा फुंकला, पुन्हा टक्, पुन्हा टक्.

चालू.

पण पडद्यावर लिहिलेलं,
आठ जीबी, पैकी वापरण्यायोग्य
सात पूर्णांक अठ्ठ्याऐंशी.
मी हिशेबाची बाई, बारा शतांशही सोडत नाही.
पुन्हा फोन.
गाला हसत सुटला.
ताई, मुंबईत राहता ना?
आठ बिल्ट-अप.
बाकीचा कार्पेट.

टॅली उघडलं, एक्सेल उघडलं,
भाजी टाकायला उठायची सवय होती, उठले,
तेवढ्यात खिळ्यांची बेरीज आलीसुद्धा.

धूळ मी ओल्या फडक्याने काढली.
टिकलीचा गोंद गेला होता.
हे म्हणाले, आण इकडे,
आणि कुठे ठेवली ते मी विचारलं नाही.

रात्री दीडला पाणी प्यायला उठले
तर खुर्चीत हे, बनियनवर,
आवाज बंद करून.
लाल अठ्ठीवर काळी सत्ती ठेवत होते.
मशीन कुठेही अडखळत नव्हतं.