दोघांचं भाडं

साउथॅम्प्टनच्या धक्क्यावर
तिकीट बघणारी मुलगी माझ्या खांद्यामागे बघते:
अजून कुणी?
नाही गं बाई, एवढीच मी.
पैसे तेवढे दोघांचे घेतलेत तुम्ही.

मग मीही वसूल करायचं ठरवलं.
उजव्या उशीवर मी. डावीवर चष्मा, शब्दकोडी,
लसणाच्या चटणीची बाटली,
जी सुरक्षावाल्याने हुंगून
घाईघाईने परत दिली.
रोज रात्री दोन उशांवर दोन चॉकलेटं,
दोन्ही मीच खाते,
दुसरं जरा सावकाश.

आठ नंबरच्या टेबलावर सगळे एकेकटे.
ग्रिम्सबीचा हॅरल्ड सूपात पाव बुडवतो, बोलत नाही.
डॉरीनची ही एकोणिसावी सफर;
घरी हीटर लावण्यापेक्षा स्वस्त पडतं म्हणते.
खोटं आहे. आम्ही सगळे माना डोलावतो.

केबिन आवरणारा इनास वेंगुर्ल्याचा निघाला.
"मावशे, घोव खंय?"
विचारलं, आणि जीभ चावली पोराने.
म्हटलं, अरे, त्याला बोट लागायची.
लेस्टरच्या बागेत, तळ्यातल्या होडीतसुद्धा
हिरवा पडायचा.
म्हणून एकोणतीस वर्षं आम्ही डोंगर बघितले.

तिसऱ्या रात्री लँड्स एंडचा दिवा मागे गेला
आणि पोटात ढवळलं.
बेसिनची कड धरून
हसूच आलं मला आधी.
किती चिडवलं होतं त्याला.

चॉकलेटं त्या रात्री
दोन्ही तशीच राहिली.